ओल आणि घासाघीस
जुना फ्लॅट बघायला आलेलं गिऱ्हाईक बाथरूमच्या भिंतीवर बोटं वाजवतं, पोपडे सोलतं, डागागणिक लाखभर कमी करायला सांगतं. विकणाऱ्याचं डोकं फिरणारच. तरी ओल रंगाखाली दडवू नये, असं मला वाटतं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं (१८८२) कलम ५५ सांगतं की मालकाला ठाऊक असलेला, पण नेहमीच्या काळजीने खरेदीदाराला न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगायलाच हवा. सांगितलं की भाव पडतो, हे खरं. पण इसारानंतर सापडलेली गळती जास्त पाडते, कारण मग शंका स्लॅबवरून थेट सोसायटीच्या कागदांवर जाते. मागण्या संपतच नाहीत म्हणाल, तर कंत्राटदाराचं लेखी एस्टिमेट पुढे ठेवावं, तेवढी रक्कम एकदाच वजा करावी आणि साठेखतात दोषांसकट ‘आहे त्या स्थितीत’ असं लिहून घ्यावं. त्यानंतरही टाइल्सच्या रंगावरून हुज्जत घालणाऱ्याला चहा पाजून खुशाल निरोप द्यावा.