आठ सेंटिमीटरचं दार

नेपथ्याचा अभ्यास हाताने होतो. साताऱ्या-सांगलीतून पुण्याच्या ललित कला केंद्रात किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेलेला विद्यार्थी आधी रंगमंचाचा नकाशा काढतो, मग पुठ्ठ्याची प्रतिकृती करतो. १:२५ प्रमाणात दोन मीटरचं दार आठ सेंटिमीटरचं होतं. त्याच्याशेजारी सात सेंटिमीटरचा पुठ्ठ्याचा माणूस उभा केला, की रिकामी खोली अचानक कुणाची तरी होते. हा क्षण फार मोलाचा. मग प्रेक्षागृहातल्या कडेच्या खुर्चीतून दार दिसेल का, ते दोरा ताणून पाहतात.

पूर्वी मात्र असं नेपथ्य नव्हतं. सांगलीत १८४३ साली नाटककार विष्णुदास भाव्यांच्या ‘सीता स्वयंवर’ या नाटकात जागा उभी करायचं काम मुख्यतः सूत्रधाराच्या गाण्याचं होतं.