निवड झालीच असेल, तर सुवार्ता कशाला?

प्रिय शरद यास,


कोणाचे तारण व्हायचे हे देवाने जगाच्या उत्पत्तीपूर्वीच ठरवले असेल, तर सुवार्ता सांगत फिरायचे कशाला, हा तुझा प्रश्न रास्त आहे. पण शेवट ठरला की वाटेला अर्थ उरत नाही, असे तू त्यात गृहीत धरतोस. निवडीचा सिद्धान्त ठामपणे मांडणाऱ्या कॅल्विनने तसे धरले नव्हते. त्याच्या जिनिव्हातून फ्रान्समध्ये जिवावर उदार होऊन उपदेशक जात होते. तुझ्यासारखा निष्कर्ष काढला तो अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या काही बाप्तिस्त मंडळ्यांनी: पापी माणसाला विश्वास ठेवताच येत नाही, तेव्हा त्याला बोलावण्यात हशील नाही. त्यांना बाप्तिस्त पाळक अँड्र्यू फुलर यांनी १७८५ मध्ये उत्तर दिले, तेही निवडीचा सिद्धान्त न सोडता. माणसात कमतरता आहे ती शक्तीची नव्हे, इच्छेची. म्हणून त्याला बोलावणे योग्यच, हा त्यांचा मुद्दा. फुलर यांचेच सहकारी विल्यम केरी यांनी १७९२ च्या पुस्तिकेत सुवार्तेसाठी ख्रिस्ती माणसाने ‘साधने’ वापरलीच पाहिजेत असे मांडले आणि देशोदेशींच्या लोकसंख्येचे तक्ते जोडले. पुढल्या वर्षी ते बंगालमध्ये आले; त्यांचे पहिले हिंदू धर्मांतरित कृष्ण पाल यांचा बाप्तिस्मा झाला तो थेट १८०० च्या अखेरीस. १८०५ मध्ये केरींचे मराठी व्याकरणही निघाले. सारे ठरलेलेच आहे म्हणून हातावर हात ठेवून बसणारा माणूस परक्या भाषेची क्रियापदे घोटत नाही!

केरी सिद्धान्तामुळे नव्हे, सिद्धान्त असूनही झटले, असे तू म्हणशील. मग ‘प्रेषितांची कृत्ये’ अठरावा अध्याय काढ. करिंथात पौलाला अभय मिळते ते याच कारणावर की त्या नगरात प्रभूचे पुष्कळ लोक आहेत. त्यांतले बरेच लोक अजून विश्वासात आलेले नाहीत, आणि पौल तिथे दीड वर्ष शिकवत राहतो. म्हणजे इथे निवड हेच बोलत राहण्याचे कारण आहे. सात वर्षे फळ न दिसता टिकून राहणाऱ्याला हाच आधार पुरतो; सारे आपल्या वक्तृत्वावर अवलंबून आहे असे मानणारा एक तर खचतो, नाही तर आमिषे दाखवू लागतो. मात्र याहून मोठा दावा मी करणार नाही. कॅल्विनपंथी नसलेले मोरेव्हियन मिशनरी केरींच्या साठ वर्षे आधी, १७३२ मध्येच कॅरिबियन बेटांवर गुलामांकडे गेले होते, आणि आवेशाने सुवार्ता सांगणारे वेस्ली तर पूर्वनियोजनाचे कडवे विरोधक. आवेश कोणा एका पंथाची मिरास नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. निवडलेल्यांची यादी उपदेशकाजवळ नसते; जो कोणी विश्वास ठेवील तो तरेल, हे तो सर्वांना निर्मळ मनाने सांगू शकतो. पण यादी ज्याच्याजवळ आहे त्याच्या आमंत्रणाचे काय? देवाची प्रकट इच्छा निराळी आणि गुप्त इच्छा निराळी, असे कॅल्विनपंथी सांगतात. मला ते उत्तर तोकडे वाटते. एवढ्यावरून तू वेस्लींकडे झुकलास तर माझी हरकत नाही; मात्र या सिद्धान्तामुळे सुवार्तेचे काम थंडावते, हे कारण पुढे करू नकोस.

तुझा,
काका