अस्रनंतरचा तास
चाळिशीला टेकल्यावर पतपेढीतली नोकरी सोडून बी.एड. केलं आणि उर्दू शाळेत रुजू झाले. पगार निम्म्यावर आला. अब्बा महिनाभर धड बोलले नाहीत. पतपेढीतली बाई मी उरले नव्हते, ‘टीचर आपा’ अजून झाले नव्हते. थ्रोबॉलच्या संघात मात्र होते तीच राहिले. आम्ही ७ जणी. चेंडू दोन्ही हातांनी झेलायचा, ३ सेकंदांत परत फेकायचा. आपण कोणाची सून, हे आठवायला सवड कुठे? ओढणी पिनांनी घट्ट. काहींना ती खुपते, काहींना आमचं मैदानावर जाणंच. बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेनेही २०१७ साली डोकं झाकून खेळायची मुभा दिली, असं सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, “ते राहू दे, मगरिबच्या आत घरी ये.” हल्ली संध्याकाळचा कुकर त्याच लावतात.