साडेतीन वजा

रविवार, रात्र. कोथरूड.

फाइल आज पूर्ण झाली. पोलीस क्लिअरन्स, पदवीवर अपॉस्टिल, पगाराचे पुरावे. परदेशी कंपनीचं काम लॅपटॉपवर करणाऱ्यांसाठी स्पेनने 2023 पासून हा व्हिसा खुला केला, म्हणून व्हॅलेन्सियाला जाणं जमतंय. किती वर्षं मनात होतं हे!

पण दिवसभर लक्ष त्या फाइलीत नव्हतंच. आईने दुपारी गोडा मसाला केला. दगडफूल तेलावर परतलं आणि वास पार जिन्यापर्यंत गेला. मसाला गार झाल्यावर तिने डब्यात दाबून भरला, झाकणाभोवती फडकं घट्ट बांधलं आणि विचारलं, "तिकडे भात तरी मिळतो ना रे?"

मिळतो, आई. शहराच्या दक्षिणेला अल्बुफेरा सरोवराकाठी भातशेतीच आहे, पाएयाचं मूळही त्याच भागातलं. इंद्रायणीचा वास मात्र तिथे नसणार, हे मी बोललो नाही.

ती संध्याकाळी सातला दिवा लावते. तिथे उन्हाळ्यात तेव्हा दुपारचे साडेतीन, हिवाळ्यात अडीच. ती वेळ मी कुणालाच देणार नाही. तिने कालनिर्णयच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहूनही ठेवलंय: साडेतीन वजा.