गार्बल केलेली मिरी

नांदेडच्या एका अनुवादिकेकडे मसाल्याच्या व्यापारावरचा इंग्रजी मजकूर आला. त्यात काळ्या मिरीची एक प्रत होती, 'तेल्लिचेरी गार्बल्ड एक्स्ट्रा बोल्ड'. 'गार्बल' तिला ठाऊक होतं ते फोनवरच्या तुटक, न कळणाऱ्या बोलण्यासाठी. तिनं बेधडक लिहून टाकलं : भेसळीची मिरी.

अर्थ नेमका उलटा झाला होता.

अरबीत 'गिरबाल' म्हणजे चाळणी. बहुधा लॅटिनमधून तिकडे गेलेला हा शब्द व्यापाऱ्यांबरोबर इटलीत आणि पुढे इंग्रजीत पोचला. गार्बल करणं म्हणजे मसाल्यातला काडीकचरा काढणं. लंडनमध्ये त्यासाठी खास अधिकारी असे. मग लोक मजकूरही गार्बल करू लागले. सोयीचं तेवढं वेचायचं, अडचणीचं टाकायचं. त्यातून आजचा विपर्यासाचा अर्थ आला. मिरीच्या बाजारानं मात्र जुना अर्थ सोडला नाही.

अनुवादिकेचं माहेर लातूरकडचं, तुरीच्या मुलखातलं.  तिच्या आजीकडे काडीकचरा काढण्याच्या या एका कामाला कितीतरी क्रियापदं होती. खळ्यावर वाऱ्याच्या भरवशावर उफणायचं. घरी सुपात पाखडायचं. फोल पुढे उडतं, दाणा मागे राहतो. खडा वेगळा व्हावा म्हणून घोळायचं. बारीक माती चाळायची. उरलंसुरलं बोटांनी निसायचं. खळ्यावर शेवटी मातेरं उरे, तेही आजी टाकत नसे. आता डाळमिलमध्ये चाळण्या आणि रंग ओळखून दाणे वेगळे करणारं सॉर्टेक्स यंत्र हेच करतात. तिथंही चुनी वाया जात नाही, जनावरांच्या पेंडीत जाते.

भाषेचा आणि चाळणीचा संबंधही जुनाच. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या ७१व्या सूक्तात, सातू चाळावेत तशी ज्ञानी माणसं मनानं वाणी शुद्ध करतात, अशी उपमा आहे.

मग मिरीला कोणतं क्रियापद द्यायचं? 'उफणलेली'त नुसता वारा, 'निसलेली'त नुसती बोटं. तिनं लिहिलं, 'चाळून निवडलेली मिरी'.

फाईल पाठवण्याआधी तिनं मूळ मजकूर पुन्हा काढला. ओलाव्याच्या प्रमाणाबद्दलची दोन किचकट वाक्यं तिनं आदल्या रात्री गाळली होती, वाचकाला कंटाळा येईल म्हणून. ती तिनं परत घातली.