बंदुकीविना फौजी

बंगळुरूच्या क्वार्टरमध्ये मुलाने मोबाइल पुढे केला. "बाबा, यात बंदूक कधी मिळते?" खेळ होता 'फौजी', इथल्याच एनकोर गेम्सने २६ जानेवारी २०२१ ला आणलेला. पबजीवर बंदी आल्यावर दोन दिवसांनी त्याची घोषणा झाली होती, त्यामुळे सगळे गोळीबाराची वाट बघत होते. हाती आलं गलवान आणि नुसती हाणामारी.

लोकांनी नावं ठेवली. मी ठेवणार नाही. १५ जून २०२० च्या रात्री तिथे आपले २० जवान शहीद झाले, ते गोळीने नाही. ताबारेषेजवळ गोळी न चालवण्याचा १९९६ चा करार आहे. एवढं खेळाने नेमकं पकडलंय.

बाकी कच्चंच. तीच तीच मारामारी. आणि शेकोटीजवळ उभं राहिलं की म्हणे जीव भरतो! लडाखला आम्ही बुखारीला चिकटून बसायचो. हातांना ऊब यायची, पण बुटाची नाडी बांधतानासुद्धा धाप लागायची.

"मग तुम्ही बंदुकीचं करायचात काय?"

"पाठीवर वागवायचो."

त्याने मोबाइल माझ्याकडे सरकवला. पहिल्याच टोळीने मला लोळवलं.