दूध बाधतं, मावा केक नाही

मुलीने फोन पुढे केला. "आई, रिपोर्ट आला बघ." दीड वर्षाच्या नातवाचं तीन मिली रक्त परवा घरी येऊन घेऊन गेले होते. चष्मा लावून वाचलं. गाईचं दूध : 6.8. त्याखाली दुधाची जणू फोडणीच सुटी करून मांडलेली. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन 5.1, अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन 2.4, केसिन 0.2. प्रत्येक आकड्यापुढे किलोयुनिट प्रति लिटर. मुलगी काळजीत आणि मी मात्र मनाने थेट गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत.

1967 साल. धाकटा भाऊ दहा महिन्यांचा. आरेचं दूध कार्डावर मिळायचं. पहाटे केंद्रावरच्या रांगेत उभं राहून काचेच्या दोन बाटल्या सांभाळून आणायचं काम माझं. त्यांच्या तोंडावर चंदेरी पातळ झाकण, अंगठ्याने दाबलं की आत बसणारं. आईचं दूध पुरेना म्हणून धाकट्याला वाटी-चमच्याने वरचं दूध सुरू केलं. अर्ध्या तासात ओठ फुगले आणि पोटापाठीवर लाल गांधी उठल्या. आजीने आमसुलं भिजत घातली, कोळ अंगाला चोळला आणि त्याला घोंगडीवर निजवलं. शेजारच्या काकूंनी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. आत्याचं निदान वेगळं: "वहिनीनेच काहीतरी वातूळ खाल्लं असणार." आई त्या दिवशी जेवली नाही.

चार दिवसांनी पुन्हा तेच. मग आजी म्हणाली, "याला दूध बाधतं." बाधण्याचे तिच्याकडे दोन प्रकार होते आणि ती त्यांची गल्लत कधी करत नसे. काकांना दूध "पोटाला बाधायचं". पेलाभर प्यायले की पोटात गुडगुड आणि मग खालच्या संडासाची वाट. दही-ताक मात्र चालायचं. धाकट्याच्या "अंगावर उठायचं", आणि तेही चमचाभर ताकानेसुद्धा. आज कळतं की पहिल्या प्रकारात दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज कमी असतं; तो त्रास, ॲलर्जी नव्हे. दुसऱ्यात शरीर दुधातल्या प्रथिनांना शत्रू समजतं. काकांचं रक्त ॲलर्जीसाठी तपासलं असतं तर काही सापडलं नसतं. आजीला हे शब्द माहीत नव्हते, पण कप्पे बरोबर होते.

तिचं शहाणपण तिथेच संपायचं, हेही सांगायला हवं. गाईचं नाही तर शेळीचं देऊ, गांधीजी प्यायचेच की, असं म्हणून तिने कुणाकडून तरी शेळीचं दूध मागवलं. गांधीजींच्या दुधाने पुन्हा गांधी उठल्या. गाय, म्हैस, शेळी यांच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी असतात की एकीला ओळखणारं रक्त बहुधा दुसरीलाही ओळखतं. हे तेव्हा चाळीत कोण सांगणार?

तो पाच वर्षांचा असताना सत्यनारायणाला कुणीतरी त्याच्या तळहातावर चमचाभर पंचामृत घातलं. तीर्थाला नाही म्हणू नये आणि एवढ्याशाने काय होतंय! कच्चं दूध आणि दही, दोन्ही एकदम. तो धापा टाकायला लागला तेव्हा आधी सगळे हसले, मग वडील त्याला खांद्यावर टाकून दवाखान्याकडे धावले. इंजेक्शन मिळालं आणि वाचला. त्या काळाविषयी मला कितीही माया असली तरी ते हसणं मी विसरलेले नाही.

गंमत अशी की रविवारी वडील इराण्याकडून मावा केक आणायचे. तो मात्र हा पठ्ठ्या अख्खा फस्त करायचा आणि अंगावर पुरळ नाही, काही नाही! "दूध चालत नाही, मावा बरा चालतो! नखरे आहेत नुसते." आत्याचं हे वाक्य त्याने पुढे आठ-नऊ वर्षांचा होऊन सगळं खायला लागेपर्यंत ऐकलं.

ज्या वर्षी आजी आमसुलाचा कोळ चोळत होती, त्याच 1967 साली स्वीडनमधल्या उप्सालात विडे, बेनिश आणि योहानसन यांनी रक्तातली ही ॲलर्जी मोजायची पद्धत प्रसिद्ध केली. वर्षभर आधी अमेरिकेत डेन्व्हरला किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जोडप्याने ती घडवणारं प्रतिपिंड वेगळं ओळखलं होतं. पुढे त्याला आयजीई नाव मिळालं. पद्धत अशी की बारीक घन कणांवर दुधाचं प्रथिन चिकटवायचं आणि त्यावर रुग्णाच्या रक्तातलं पाणी सोडायचं. ओळखीचं प्रतिपिंड असेल तर ते कणांना धरून बसतं. मग धुऊन, किरणोत्सारी खूण लावलेल्या दुसऱ्या प्रतिपिंडाने ते मोजायचं. आता किरणोत्साराच्या जागी चमकणारं रसायन आलं.

त्याही आधीची रक्ततपासणी तर कथेत शोभेल अशी. तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊमध्ये क्युस्टनर नावाच्या डॉक्टरला शिजवलेले मासे बाधायचे. 1921 साली त्याच्या सहकाऱ्याने, प्राउसनिट्झने, क्युस्टनरच्या रक्तातलं पाणी स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क. तेवढ्याच जागी गांध उठली. बाधणारी गोष्ट रक्तात आहे हे असं सिद्ध झालं. विज्ञानासाठी कुणी स्वतःच्या पोटावर इतकं प्रेम करावं!

नातवाच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "किती दूध पोटात गेलं होतं? किती वेळाने उठलं? उलटी आधी की गांधी आधी?" हेच आजीने गॅलरीत विचारलं होतं. आकडा मोठा म्हणजे ॲलर्जी असण्याचा संभव मोठा, पण त्रास किती जोराचा होईल ते आकडा सांगत नाही, असं ते म्हणाले. काही बाळांना दुधाने शौचातून रक्त जातं आणि या तपासणीत मात्र काहीच दिसत नाही. आणि शंभर पदार्थांच्या आयजीजी या वेगळ्याच प्रतिपिंडाच्या तपासणीची जी पाकिटं विकतात, ती आपण काय खात आलो एवढंच सांगतात. आमच्या इमारतीत एकीने तशा कागदावरून दूध, गहू आणि वांगी सोडली आहेत. तिची वांगी तरी परत मिळोत.

मग ते केसिनच्या 0.2 वर आले. केसिन उष्णतेला दाद देत नाही, भट्टीतूनही तसंच बाहेर पडतं. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनची घडी मात्र तापल्यावर उलगडते, पिठाशी गुंतते आणि प्रतिपिंडाला ओळखीची राहत नाही. त्यामुळे दूध न चालणाऱ्या, पण केसिनचा आकडा असा लहान असलेल्या बऱ्याच मुलांना मैद्यात घालून नीट भाजलेलं दूध चालतं. तेही घरी करून बघायचं नाही, दवाखान्यात, त्यांच्या देखत.

रात्री धाकट्याला फोन केला. आता तो नातवाचा मामाआजोबा, गुडघ्यांनी बेजार. सगळं समजावून सांगितलं. केसिन, भट्टी, मैदा. पलीकडे बराच वेळ शांतता.

"ताई, तो कागद मला पाठव," तो म्हणाला. "आत्याला वाचून दाखवायचा आहे. नव्वदीची झाली तरी अजून नखरेच म्हणते."